बाबांसाठी पुस्तक घेताना

मराठी विभागासाठी लेख देणार म्हटल्यावर रूममेट हसली. तिचं बरोबर आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, आणि अजूनही कोणी ‘एकोणसाठ’ म्हटलं की मी मनात आधी फिफ्टी नाईन करून बघते! तरी यंदा इंटर्नशिपच्या पहिल्या स्टायपेंडमधून बाबांना इतिहासाचं पुस्तक घेताना जी फजिती झाली ती मराठीतच सांगण्यासारखी आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी तुमच्यापैकी बरेच जण अप्पा बळवंत चौकात जाऊन ‘काका, वडिलांना द्यायला काहीतरी हिस्टरीचं’ असं विचारणार आहात, म्हणून हे.

दुकानदार समोर काय ठेवतो? ‘श्रीमान योगी’, ‘छावा’, ‘स्वामी’, ‘पानिपत’. पुस्तकं वाचनीयच, पण एक तर ती घरी आधीच असतात (आमच्याकडे ‘छावा’ दोनदा भेट आलाय), आणि दुसरं म्हणजे त्या कादंबऱ्या आहेत. महाराज मनात काय म्हणाले ते लेखकाने रचलेलं असतं. इतिहासाचं पुस्तक ओळखायचं तर आधी शेवटची पानं उघडा. कोणतं विधान कोणत्या पत्रावरून केलं ते तिथे सापडतं का? ‘श्रीमान योगी’ला मात्र नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, ती इतिहासाची खरी चिकित्सा आहे. घरी प्रत असेल तर बाबांनी ती प्रस्तावना वाचली का ते विचारा. बहुतेकांनी पानं उलटून थेट कादंबरी सुरू केलेली असते.

गोष्टच आवडत असेल तर खरी गोष्ट द्या. ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत निघाले आणि १८५७ च्या बंडात सापडले. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा ते आत होते. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक छापलं तेव्हा मजकुरात फेरफार केले होते, पुढे मूळ हस्तलिखितावरून आवृत्ती निघाली. घेताना कोणती ते बघून घ्या.

पुस्तक कोणत्या वर्षापर्यंत येतं तेही बघा. मी यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ घेणार होते, बाबांना १९६० नंतरचं राजकारण वाचायला मिळेल या आशेने. ते १९४६ लाच संपतं. यशवंतराव १९८४ मध्ये गेले, पुढचे भाग राहूनच गेले.

आता माझी मोठी चूक. गेल्या वाढदिवसाला मी बाबांच्या आवडत्या पक्षाची साल काढणारं पुस्तक दिलं होतं. जेवताना आमचे वाद होतात, म्हटलं आता पुराव्यानिशी जिंकू. बाबांनी मागचं पान वाचलं, ‘छान आहे’ म्हणाले आणि पुस्तक शोकेसमध्ये ठेवलं. ते अजून तिथेच आहे. वाढदिवसाला प्रचारपत्रक मिळालं तर कोण वाचेल?

यंदा मग उलटा विचार केला. बाबांना स्वतःला कोणता प्रश्न पडलेला आहे? उत्तर घरातच होतं, आणि त्याला कोणी हात लावत नव्हतं.

माझे आजोबा, म्हणजे बाबांचे अण्णा, परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा बाबा तिसरीत होते. वर्षभराने सगळे संगमेश्वरला परत आले ते कायमचे. शेजारचे एकजण मधेच कामावर गेले होते, अण्णा गेले नाहीत. का गेले नाहीत, हे बाबांनी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता अण्णा नाहीत. टीव्हीवर ‘लालबाग परळ’ लागला की बाबा मोटार बंद केली का ते बघायला उठतात.

आपल्या लायब्ररीत मला मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ मिळालं. २००४ चं आहे. गिरणगावातल्या माणसांनी स्वतः सांगितलेला इतिहास. सबमिशन बाजूला ठेवून दोन रात्री वाचलं. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते एवढं ऐकून होते, पण १९४६ च्या कायद्याने मालकांशी बोलण्याचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता, म्हणून कामगारांना हवे असलेले दत्ता सामंत वाटाघाटीला बसूच शकत नव्हते, हे मला कुठे माहीत होतं! आणि हा संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही.

मी इंग्रजी प्रतच घेणार होते. मग लक्षात आलं, ही मी माझ्यासाठी घेतेय. मराठी अनुवाद आहे, तो शोधला. अनुवाद घेताना मधलंच पान काढून हळू आवाजात वाचायचं. तीन वाक्यांत जीभ अडखळली तर ठेवून द्यायचं. (माझी मराठीत एरवीही अडखळते, म्हणून रूममेटला वाचायला लावलं.) अक्षर बारीक नाही ना तेही पाहिलं, बाबा झोपून वाचतात.

तरी भीती होतीच. ज्या विषयावर माणूस उठून जातो त्याचंच पुस्तक द्यायचं? आईला फोन केला. आई म्हणाली, ‘दे. पण हातात देऊ नकोस. टेबलावर ठेव आणि तू निघून ये हॉस्टेलला.’

तसंच केलं. आठ दिवस काही नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, एवढंच आईकडून कळलं. नवव्या दिवशी रात्री बाबांचा फोन आला. मला वाटलं फीचं काहीतरी असेल.

‘पेन आहे का जवळ? लिहून घे. अण्णा साचा खात्यात होते. रात्रपाळी असली की मी डबा घेऊन जायचो, गेटपर्यंतच.’

त्या रात्री माझं मेसचं जेवण हुकलं.