१२३४५६५४३२१ : संख्या खरी की तिचं रूप?

आपल्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा जैन ग्रंथभांडारांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच जैन परंपरेतल्या एका गणितज्ञाची एक मोठी संख्या आज आपण हाती घेऊ.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. त्यात एक गुणाकार आहे : २७९९४६८१ गुणिले ४४१. उत्तर येतं १२३४५६५४३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. एकापासून सहापर्यंत चढण, मग उतरण. कुठूनही वाचा, तेच. अशा उत्तरांना आचार्य गळ्यातल्या अलंकाराची उपमा देतात.

हे घडतं कसं? ही संख्या म्हणजे १११११११ नव्हे, तर १११११चाही नव्हे, नेमक्या सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग. पाटीवर गुणाकार मांडा. सहा ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. आता उभ्या रांगांतले एक मोजा : एक, दोन, तीन, सहापर्यंत, आणि परत खाली. झालं!

देवळालीचे द. रा. कापरेकर अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हणत. ते नाव त्यांनी एका रेल्वे स्थानकावरून घेतलं. नऊ एकांपर्यंत ही शोभा टिकते. दहा एक घेतले की मधल्या रांगेत दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर होतं १२३४५६७९००९८७६५४३२१. माळ तुटली.

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा प्रश्न सुरू होतो. माळ तुटली ती संख्येची की लिखाणाची? आपण दहा-दहाचे गट करून मोजतो, म्हणून ही संख्या अशी दिसते. सहा-सहाचे गट केले असते, तर तीच संख्या वेगळी दिसली असती. पण ती ३, ७, ११, १३ आणि ३७ यांच्या वर्गांचा गुणाकार आहे, तिला २४३ विभाजक आहेत, हे मात्र कोणत्याही लिपीत, कोणत्याही गटात बदलत नाही. ४४१ म्हणजे ३ आणि ७ यांचे वर्ग. उरलेले तीन वर्ग मिळून २७९९४६८१. आचार्यांच्या गुणाकाराचं मर्म एवढंच.

मग माळ खोटी का? नाही. ती आपल्या मोजण्याच्या रीतीचा खरा गुण आहे. चूक होते ती रूपाचा गुण वस्तूला चिकटवल्यावर. गाडीच्या ‘शुभ’ नंबरासाठी आपण जादा पैसे मोजतो, तेव्हा हेच करतो. अंक सुंदर असतील, पण त्यांनी गाडीचं काहीच बदलत नाही. कौतुक जरूर करावं. मात्र कशाचं करतोय, हे आधी विचारावं.