नव्या हृदयाची चाल

शाळेची घंटा झाली म्हणजे उशीर झालेली मुले धावत सुटतात. पहिली दहा पावले पडतात न पडतात तोच त्यांचे हृदय जोराने धडधडू लागते. वर्गात येऊन ती बाकावर बसली, की थोड्याच वेळात ते पुन्हा शांत होते. हे सारे इतके आपोआप घडते, की त्यात काही नवल आहे असे आपल्या मनातही येत नाही. परंतु जगात अशीही माणसे आहेत, की ज्यांचे हृदय धावू लागताच वेग घेत नाही आणि थांबताच शांतही होत नाही. मृत्यू पावलेल्या दुसऱ्या माणसाचे हृदय ज्यांच्या छातीत बसवलेले आहे, अशी ही माणसे होत.

हृदय हा मुठीएवढा पोकळ स्नायू आहे. त्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. ठोक्याची आज्ञा तेथून सुटते. या पुंजक्याला मोकळे सोडले, तर तो मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. पण स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाची नाडी मोजली, तर ती बहुधा ७० ते ८० च्या आसपास भरते. असे का व्हावे? मेंदूकडून हृदयाकडे आलेले मज्जातंतू हे त्याचे कारण होय. त्यांतील काही तंतू घोडेस्वाराच्या लगामाप्रमाणे हृदयाला आवरून धरतात, तर काही टाच मारल्याप्रमाणे त्याला पळवतात. आपण धावू लागलो, की मेंदू प्रथम लगाम सैल सोडतो, मग टाच मारतो. म्हणूनच पहिल्या दहा पावलांत नाडी वाढते.

रोगाने हृदय अगदी निकामी झाले, तर ते काढून त्या जागी दुसरे बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. तिला हृदय-प्रत्यारोपण म्हणतात. माणसाचे हृदय माणसाला बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी केली. तो रोगी १८ दिवस जगला. पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तसा प्रयत्न केला. पण रोगी काही तासांपलीकडे जगू शकला नाही. भारतात या शस्त्रक्रियेला पहिले यश आले ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून.

शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्या नीट शिवून जोडता येतात. मज्जातंतू मात्र तुटतात आणि ते तसे जोडता येत नाहीत. लगामही तुटतो आणि टाचही लागत नाही. त्यामुळे असा माणूस निवांत पडून असला, तरी त्याचे हृदय मिनिटाला ९० ते ११० ठोके देत राहते. उलट तो जिना चढू लागला, तर पहिली काही मिनिटे नाडी फारशी वाढतच नाही.

मग असा माणूस चालतो तरी कसा? शरीराने येथे दोन वाटा राखून ठेवल्या आहेत. पाय हलू लागले, की पायांचे स्नायू शिरांतील रक्त वर ढकलतात. हृदयात अधिक रक्त शिरते, ते अधिक ताणले जाते आणि जितके ताणावे तितक्या जोराने आवळते. ठोके तेवढेच, पण प्रत्येक ठोक्याला रक्त अधिक! दुसरी वाट जरा लांबची आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून ॲड्रिनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते आणि रक्ताबरोबर हृदयापर्यंत जाऊन त्याला वेग देते. या वाटेने निरोप पोहोचण्यास काही मिनिटे लागतात आणि व्यायाम थांबल्यावरही त्याचा परिणाम बराच वेळ टिकतो.

यावरून अशा माणसांच्या व्यायामाचा पहिला नियम ठरला आहे: आरंभ सावकाश, शेवटही सावकाश. प्रथम संथ चालावे, मग वेग वाढवावा आणि थांबण्यापूर्वी तो हळूहळू उतरवावा. आपण किती जोर करत आहोत, हे त्यांना नाडीवरून नीट कळत नाही. म्हणून ती आपल्या श्वासाकडे लक्ष देतात. चालता चालता दोन वाक्ये बोलता आली, तर वेग योग्य समजावा. संवेदना नेणारे तंतूही तुटलेले असल्याने हृदयाला रक्त कमी पडले तरी छातीत कळ येईलच असे नाही. यास्तव वैद्यकीय देखरेख त्यांना फार आवश्यक असते.

अडचण केवळ हृदयाची नसते. दीर्घ आजारात अंथरुणावर पडून राहिल्याने हातापायांचे स्नायू झिजलेले असतात. शरीराने परके हृदय नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या काही औषधांनी स्नायू व हाडे आणखी दुबळी होतात. त्यामुळे या माणसांची श्रम करण्याची शक्ती त्यांच्या वयाच्या निरोगी माणसांहून बहुधा कमीच राहते. परंतु नियमित व्यायामाने ती पुष्कळ वाढते, हे अनेकदा सिद्ध झाले आहे. काहींच्या हृदयात तर काही वर्षांनी मज्जातंतू थोडेफार पुन्हा वाढतात.

धीराने चालणारा किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेतील केली पर्किन्स या गिर्यारोहक स्त्रीने घालून दिले आहे. १९९५ साली तिच्यावर हृदय-प्रत्यारोपण झाले. २००१ साली ती आफ्रिकेतील ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारो शिखरावर पोहोचली आणि २००३ साली तिने आल्प्स पर्वतातील मॅटरहॉर्न हे अवघड शिखर सर केले.

सर्वांनाच शिखरे चढावयाची नसतात. जो माणूस काल खोलीतून ओसरीपर्यंत येताना धापा टाकत होता, तो आज बाजारात जाऊन पिशवी घेऊन परत येतो, हेही एक शिखरच होय. त्याच्या प्रत्येक पावलामागे एक अनोळखी दाता उभा असतो. आपले माणूस गमावल्याच्या दुःखातही ज्यांनी त्याचे हृदय दुसऱ्यास देऊ केले, त्या आप्तांचे औदार्यही तेथे असते. म्हणून रोज ठरल्या वेळी, न कंटाळता, सावकाश चालणे ही त्या माणसाची केवळ प्रकृतीची काळजी नव्हे. मिळालेल्या दानाचा तो सन्मानच होय.