पुसण्यासाठीच उमटणारी निळाई

लखनौच्या जुन्या चौक परिसरातील अरुंद गल्ल्यांतून फिरताना लाकडी ठशांचा लयबद्ध आवाज कानी पडतो. छपाई करणारा कारागीर ठसा निळ्या रंगात बुडवतो, शुभ्र मलमलीवर टेकवतो आणि वरून मुठीचा ठोका देतो. पाहता पाहता कापडावर वेली, पाने आणि आंब्याच्या कोयऱ्या उमटतात. नवख्या माणसाला हीच अंतिम नक्षी वाटावी. परंतु तिचा जन्म पुसले जाण्यासाठीच झालेला असतो!

चिकनकारी ही लखनौची ओळख. मोगल सम्राज्ञी नूरजहाँने ही कला आणली, अशी आख्यायिका सांगितली जाते. २००८ मध्ये या कलेला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण लाभले. पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच धाग्याचे भरतकाम हे तिचे अभिजात रूप. अशा शुभ्रतेवर आखणीची एक रेघ जरी मागे उरली, तरी सारे सौंदर्य डागाळते. म्हणूनच आखणीचा रंग ‘कच्चा’ असणे येथे अत्यावश्यक ठरते.

हा रंग म्हणजे नीळ आणि डिंक यांचे मिश्रण. रंगाऱ्याच्या भट्टीत रासायनिक प्रक्रियेने विरघळवलेली नीळ धाग्यात शिरते आणि पक्की होते. येथे मात्र नीळ भुकटीच्याच रूपात असते. डिंकाच्या आधाराने ती कापडाच्या पृष्ठभागावर केवळ बसून राहते. डिंक पाण्यात विरघळला की निळीचा आधार सुटतो. तत्त्व साधे आहे, पण तोल नाजूक! रेघ फिकी पडली, तर काम पूर्ण होण्याआधीच नक्षी हरवते. गडद झाली, तर ती काढताना धुणाऱ्याची कसोटी लागते.

छापलेले कापड लखनौच्या मोहल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाते. त्या निळ्या रेघांच्या आधारे स्त्रिया तेपची, बखिया, फंदा, मुर्री असे टाके घालतात. बारीक कामाच्या एका वस्त्राला कित्येक महिने लागतात. हाताळून मळलेले, निळे झालेले ते कापड शेवटी धोब्याकडे येते. भिजवणे, धुणे, शुभ्र करणे, खळ देणे आणि इस्त्री या क्रमाने वस्त्राचे खरे रूप प्रकट होते. या टप्प्यावर डाग राहिला किंवा धागा तुटला, तर अनेक हातांचे श्रम वाया जातात.

या श्रमांचे मोल मात्र भरतकाम करणाऱ्या स्त्रीच्या पदरी फार थोडे पडत आले. नगावर मिळणारी तुटपुंजी मजुरी आणि मध्यस्थांची साखळी हे तिचे जुने दुखणे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेवा लखनौ’ या संस्थेने या स्त्रियांना संघटित करून थेट बाजारपेठेशी जोडण्याचे काम केले. मुजफ्फर अली यांच्या १९८६ च्या ‘अंजुमन’ या चित्रपटातही त्यांच्या व्यथेला वाचा फुटली.

घरी गोधडी शिवणाऱ्या वा भरतकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनाही या कलेतून बोध घेता येईल. फिकट कापडावर बॉलपेन किंवा कार्बन पेपरने आखणी करू नये. धुऊन जाणारी पेन्सिल वा खडू वापरावा आणि त्याची परीक्षा आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर घ्यावी. गडद कापडावर साबणाच्या झिजलेल्या वडीची धारही उत्तम चालते. काम संपल्यावर प्रथम थंड पाण्यात धुवावे आणि खुणा पूर्ण गेल्यावरच इस्त्री फिरवावी. उष्णतेने काही रंग कायमचे बसतात.

आणि कधी न धुतलेल्या चिकनवर निळसर छटा दिसली, तर तो दोष समजू नये. ती कोणा अनाम कारागिराची वाटाड्या रेघ आहे. पाण्यात ती विरून जाईल. तिच्या मागोमाग चाललेल्या सुईचे दाम मात्र त्या हातांपर्यंत पोहोचावे, याची आठवण खरेदी करताना आपण ठेवू या.