पत्रिकेवरची ती चाळीस नावं: साहित्य संमेलनाचे सल्लागार नेमकं करतात काय?

हेडफोन लावलेत ना? आज आपण अशा माणसांबद्दल बोलणार आहोत, ज्यांची नावं तुम्ही शंभर वेळा बघितली असतील आणि एकदाही वाचली नसतील.

साहित्य संमेलनाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर येते. वर संमेलनाध्यक्षांचा फोटो, मध्ये उद्घाटक, आणि खाली बारीक अक्षरात नावांची रांग. स्वागताध्यक्ष, कार्याध्यक्ष, निमंत्रक, सल्लागार समिती, मार्गदर्शक मंडळ. झूम करून बघितलं तर लक्षात येतं की यातले बरेच जण लेखक नाहीत. कुणी सहकारी बँकेचे चेअरमन, कुणी शिक्षणसंस्थेचे सचिव, कुणी डॉक्टर, कुणी माजी नगरसेवक, कुणी गणेश मंडळाचे अध्यक्ष. या कामाचा त्यांना पगार मिळत नाही. मग ते तिथे करतात काय? आणि आपल्याला त्याचं काय घेणं-देणं?

घेणं-देणं आहे. तुम्हाला बसायला खुर्ची मिळणार का, आणि त्या खुर्चीत बसून कोणाचं भाषण ऐकायला मिळणार, या दोन्हीत या मंडळींचा हात असतो.

आधी सिस्टिम समजून घेऊ

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवते एक शिखर संस्था: अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ. स्थापना १९६१ ची. गंमत म्हणजे महामंडळाचं ऑफिस कायमचं एका गावात नसतं. दर तीन वर्षांनी ते पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या चार संस्थांकडे फिरतं. पुण्यातली संस्था म्हणजे टिळक रस्त्यावरची महाराष्ट्र साहित्य परिषद, आपली 'मसाप', जी १९०६ मध्ये सुरू झाली.

संमेलन कुठे भरवायचं, अध्यक्ष कोण, हे महामंडळ ठरवतं. पूर्वी अध्यक्षपदासाठी मतदान व्हायचं, अगदी प्रचारासकट. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष एकमताने निवडायची पद्धत आली. अरुणा ढेरे तशा निवडल्या गेलेल्या पहिल्या अध्यक्ष.

पण महामंडळाकडे मैदान नाही, मांडव नाही, हजारो माणसांना जेवू घालायची सोय नाही. ती करते यजमान संस्था. संमेलन मिळालं की यजमान संस्था गावातल्या चार वजनदार माणसांना एकत्र बसवते आणि स्वागत समिती तयार करते. तिचा प्रमुख तो स्वागताध्यक्ष. बाकीचे सल्लागार, मार्गदर्शक, निमंत्रक. आपली चाळीस नावं इथून येतात.

जागा, पैसा, माणसं

ही मंडळी काय आणतात? तीन गोष्टी.

पहिली, जागा. २०१६ च्या जानेवारीत ८९ वं संमेलन पिंपरी-चिंचवडला झालं. यजमान होतं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि स्वागताध्यक्ष होते पी. डी. पाटील. एवढ्या मोठ्या संस्थेने हात दिला की मैदान, पार्किंग, पाहुण्यांच्या खोल्या, बसगाड्या असे अनेक प्रश्न एका फोनवर सुटतात. छोट्या गावात हेच काम दहा जणांना वाटून घ्यावं लागतं. कुणाचं मंगल कार्यालय, कुणाची शाळा, तर कुणाच्या घरची वरची खोली.

दुसरी, पैसा. सरकार अनुदान देतं. आधी ते ५० लाख होतं, नंतर २ कोटींवर गेलं. पण मांडव, जेवण, साउंड, प्रवास, निवास असा हिशोब मांडला की अनुदान पुरेलच असं नसतं. उरलेला पैसा गावातून उभा करावा लागतो. 'अमुक साहेबांनी शब्द टाकला' की कारखाना, बँक, बाजार समिती, सगळीकडून मदत येते. वर्गणी मागायला गेलेल्या कुठल्याही गणेश मंडळाच्या कार्यकर्त्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

तिसरी, माणसं. पोलिसांची परवानगी, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, ग्रंथदिंडीचा मार्ग, स्वयंसेवक म्हणून कॉलेजची पोरं. यासाठी गाव ओळखणारा माणूस लागतो. कवी कितीही मोठा असू दे, टँकरवाल्याचा नंबर त्याच्याकडे असेलच असं नाही.

संमेलन महाराष्ट्राबाहेर गेलं की हे आणखी ठळक दिसतं. पुण्याच्या 'सरहद' संस्थेने २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमानला, संत नामदेवांच्या गावी, संमेलन भरवलं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वं संमेलन दिल्लीला नेलं. अध्यक्ष तारा भवाळकर, स्वागताध्यक्ष शरद पवार, जागा तालकटोरा स्टेडियम. दिल्लीत मराठी मांडव घालायचा तर दिल्लीत ओळख असलेला माणूस लागणारच. यात लाजण्यासारखं काही नाही.

ही पद्धत आली कुठून?

आजकालच्या पुढाऱ्यांनी साहित्यात घुसखोरी केली, असं तुम्ही ऐकलं असेल. पण या सगळ्याची सुरुवातच समाजातल्या कर्त्या माणसांनी केली. १८७८ च्या मे महिन्यात पुण्यात हिराबागेत पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. पुढाकार होता न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा. दोघेही न्यायखात्यातले बडे अधिकारी. दोघेही स्वतः लिहिणारे. म्हणजे नोकरी वेगळी, आणि भाषेचं काम स्वतःच्या वेळात, स्वतःच्या ओळखी वापरून. पत्रिकेवरच्या आजच्या सल्लागारांचे पूर्वज म्हणा हवं तर.

१८८५ मध्ये पुण्यातच दुसरं संमेलन ठरलं. त्यासाठी रानड्यांनी जोतीराव फुल्यांना आमंत्रण दिलं. फुल्यांनी नकार कळवला, तोही कारणांसकट. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: जी मंडळी आमचे माणूस म्हणून हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या पुस्तकांत आमच्या दुःखाचा पत्ता लागत नाही, मग आम्ही त्यांच्या सभेत येऊन काय करायचं? आमचं आम्हीच बघू.

इथे जरा थांबा. रानडे वाईट हेतूने वागले असं कुणी म्हणत नाही. त्यांनी बोलावलं होतं. पण ज्यांनी सभा ठरवली, विषय ठरवले, ते सगळे एकाच वर्गातले होते. शेवटच्या टप्प्यावर एक निमंत्रण पाठवून तो फरक भरून निघत नाही.

तो भरला नाहीच. १९५८ मध्ये मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं आणि उद्घाटनाला उभे राहिले अण्णा भाऊ साठे. १९९९ मध्ये धारावीत विद्रोही साहित्य संमेलन सुरू झालं, अध्यक्ष बाबुराव बागूल. ठरवणाऱ्यांच्या बैठकीत आपलं माणूस नसेल, तर लोक स्वतःचा मांडव घालतात. त्या मांडवांमधून मराठीला केवढं मिळालं, ते आपण जाणतोच. पण मुख्य मांडवात काय कमी होतं, तेही त्यातूनच कळतं.

सल्ला कुठे थांबायला हवा?

आता खरा प्रश्न. ज्याने मैदान दिलं, पैसे आणले, त्याने स्टेजवर कोण बोलणार हेही ठरवायचं का? दोन संमेलनं शेजारी ठेवून बघूया.

पहिलं, कराड, १९७५. देशात आणीबाणी. संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, जे तेव्हा त्याच केंद्र सरकारात मंत्री होते. म्हणजे यजमान सरकारचे, आणि अध्यक्ष सरकारवर उघड टीका करणाऱ्या. दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यावर स्पष्ट बोलल्या. तुरुंगवासानंतर आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायचं आवाहन त्यांनी त्याच मांडवात केलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, ती गोष्ट वेगळी. पण कराडच्या स्टेजवर त्यांचं बोलणं पूर्ण झालं. यजमानाची अडचण होईल म्हणून अध्यक्षांचा माइक बंद झाला नाही.

दुसरं, यवतमाळ, जानेवारी २०१९. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेलं होतं. त्या इंग्रजीत लिहितात, पण त्यांचे वडील रणजित पंडित हे मराठी घरातले, 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतरकार. इंग्रजी लेखिका कशाला, म्हणून स्थानिक पातळीवर विरोध झाला. आयोजकांनी पत्र पाठवून निमंत्रण मागे घेतलं. कारण दिलं, संमेलन उधळलं जाईल ही भीती.

पुढे काय झालं? बऱ्याच लेखकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. सहगल यांनी भाषण आधीच पाठवलेलं होतं, ते मराठीत भाषांतर होऊन फोनाफोनी पसरलं. उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी म्हणून जगण्याशी झगडणाऱ्या बाई. त्या जे बोलल्या ते लोकांच्या मनाला भिडलं. पण एका पाहुणीला बोलावून परत 'येऊ नका' म्हटल्याचा डाग काही पुसला गेला नाही.

आता सल्लागाराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. गावात गडबड होईल ही त्याची भीती खोटी नसते. दुकानं त्याच्या माणसांची, पोरं त्याच्या ओळखीची. अशा वेळी त्याच्यापुढे दोन रस्ते असतात. एक, पोलीस अधीक्षकांना भेटायचं, विरोध करणाऱ्यांशी बसून बोलायचं, बंदोबस्त वाढवायचा. दुसरा, पाहुण्यालाच 'येऊ नका' सांगायचं. पहिल्या कामासाठीच तर त्याला समितीत घेतलेलं असतं! गावात वजन आहे म्हणून तो सल्लागार आहे. ते वजन पाहुण्याला सुरक्षित आणायला वापरायचं, की पाहुण्याला थांबवायला, यावर त्याची परीक्षा होते.

म्हणून साधा नियम असा मांडता येईल: सल्लागाराचा शब्द स्टेजच्या पायरीपर्यंत चालावा. खुर्च्या, जेवण, निधी, सुरक्षा, सगळं त्याचं. पायरीच्या वर कोण आणि काय बोलणार, हे साहित्याच्या माणसांनी ठरवावं, आणि एकदा ठरलं की बदलू नये.

मग पुण्यात आपण काय करायचं?

पुण्यात साहित्याचे कार्यक्रम आता फक्त संमेलनापुरते राहिलेले नाहीत. २०१३ पासून पुणे इंटरनॅशनल लिटररी फेस्टिव्हल होतोय. डिसेंबर २०२३ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव भरतो. 'शांतता... पुणेकर वाचत आहेत' हा त्याचा उपक्रम तर तुमच्यातल्या अनेकांच्या स्टोरीवर दिसला असेल. एवढं मोठं काम शहरातल्या कॉलेजांनी, संस्थांनी, कार्यकर्त्यांनी वेळ दिल्याशिवाय होत नाही. म्हणजे 'पुढारी नकोत, फक्त लेखक हवेत' हे म्हणायला सोपं आहे, पण तसा मांडव उभा राहणार नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी पत्रिका आली की डिलीट करू नका. झूम करा आणि स्वतःला चार प्रश्न विचारा.

एक: या यादीत कोण नाही? बायका किती? तिशीच्या आतलं कुणी आहे का? गावकुसाबाहेरच्या वस्त्या, मुस्लिम मराठी, भटके-विमुक्त यांच्यात काम करणारं कुणी आहे का? फुल्यांनी १८८५ मध्ये विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही.

दोन: उद्घाटनाला आणि समारोपाला भाषणं कुणाची, किती? सत्काराला दीड तास आणि कवीला पाच मिनिटं, असं असेल तर सल्लागार पायरी चढून वर आलेत असं समजा.

तीन: कार्यक्रमानंतर हिशोब जाहीर होणार आहे का? सार्वजनिक पैसा घेतला की अहवाल द्यायचा असतो. चांगली गणेश मंडळं वर्षानुवर्षं तो छापून वाटतात. साहित्याच्या मांडवाने त्यात मागे राहू नये.

चार: एखाद्या वक्त्याला विरोध झाला तर ही माणसं काय करतील? याचं उत्तर पत्रिकेत नसतं. पण त्यांचा आधीचा इतिहास गावाला माहीत असतो. विचारून बघा.

आणि एक काम आपलंही आहे. मसापच्या कार्यक्रमांना जा, कॉलेजमध्ये स्वयंसेवक हवेत म्हटलं तर नाव द्या. स्टॉल लावताना, पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना बैठकीत काय चालतं ते दिसतं. तिथे एखादा विशीतला मुलगा किंवा मुलगी 'सर, पण हे नाव का काढलं?' असं विचारायला हजर असेल, तर नाव काढणं जरा अवघड होतं. उद्या त्याच पत्रिकेवर खालच्या रांगेत तुमचं नाव येईल. ते कशासाठी आलं, हे तेव्हा तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आजच्या भागात एवढंच. हा भाग एखाद्या समितीवर असलेल्या काकांना किंवा मावशींना जरूर पाठवा, रागावले तरी ऐकतील. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!