गोंधळ्याची सुपारी

लग्नानंतर कुळाचाराचा गोंधळ घालायचा, ही परभणी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची रीत. पाटावर चौक मांडतात, कलश बसतो, दिवटी पेटते. झगा नि कवड्यांच्या माळा घातलेला नाईक तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला साद घालतो. मग संबळ पहाटेपर्यंत थांबत नाही. याच परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी हा गोंधळ अंगणातून रंगमंचावर नेला.

पण बिदागीची वेळ आली की घरधनी म्हणतो, "देवीचं काम, त्याला पैसा कसला?" आणि गोंधळीही खाली मान घालून म्हणतो, "द्या मालक, मनाला येईल ते." त्याच लग्नात बँडवाल्याने मात्र महिनाभर आधी इसार घेतलेला असतो!

जरा मजुरीने मोजून पाहा. पाच जणांचा ताफा. एक दिवस येण्याचा नि जागरणाचा, दुसरा परतण्याचा नि झोपेचा. झाले दहा रोज. कापूस वेचणीत दहा रोजांचे किती होतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वर एस.टी.चे भाडे, संबळाचे कातडे. आख्याने तोंडपाठ करण्यात गेलेली वर्षे तर धरलीच नाहीत.

पूर्वी गोंधळी अलुतेदारांत मोडत. सुगीला खळ्यावरून त्यांच्या पदरात धान्य पडे. ते धान्य बंद झाले, 'मनाला येईल ते' मात्र राहिले.

नुसत्या कौतुकाने चूल पेटत नाही. विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी अखेरच्या आजारात दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले. 2002 साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने शासन जीवनगौरव पुरस्कार देते.

खरे म्हणजे 'सुपारी' हा शब्द कलावंतांच्याच व्यवहारातला. सुपारी घेतली की तारीख बांधली. दुसरीकडे दुप्पट मिळाले तरी मोडायची नाही. शब्दाला एवढा जागणारा माणूस सुपारी घेतानाच आकडा बोलला, तर त्यात उद्धटपणा कसला? ताटात पडते ती ओवाळणी देवीची. ती बिदागीत धरू नये.

हल्ली रात्रभराचा गोंधळ मोबाईलवर टिपून घेतात. घरच्या आठवणीसाठी घेतला तर हरकत नाही. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली झालेल्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणावर कलावंताचा हक्क मानला आहे. त्याला न विचारता ते विकून कमाई करता येत नाही. हेही सुपारीच्या वेळीच बोलून घ्यावे.

आणि एखादे घर खरोखरच अडचणीत असेल, दुष्काळाने पीक गेले असेल, तर गोंधळ्याने जरूर कमी घ्यावे. फक्त आपला पूर्ण आकडा आधी सांगावा, मग त्यातले किती सोडले तेही सांगावे. घरधन्याने ते लग्नाच्या वहीत आहेराच्या यादीत मांडून ठेवावे.