कात्री चालेल, कात्री नको

बुधवार, सकाळचे साडेदहा. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार अजून पुरता मांडून झालेला नाही, पण ऊन केव्हाच येऊन बसलंय. बुधवारी आणि रविवारी इथे ताडपत्र्या अंथरल्या जातात. कुलपं, पान्हे, पितळी नळ, काटे नसलेली घड्याळं. या सगळ्याच्या कडेला, सावली न पोचणाऱ्या जागी, कागद. उडू नये म्हणून गठ्ठ्यांवर लोखंडी वजनं ठेवलेली.

दोघीजणी उकिडव्या बसून गठ्ठा चाळताहेत. काड्यापेट्यांची लेबलं. पोस्टाची शिक्के मारलेली तिकिटं. कुठल्याशा दुकानाच्या रोजमेळाची सुटी पानं, काही मोडी लिपीतली.

"काय करता याचं?" विक्रेता विचारतो.

"वहीत चिकटवतो."

"चिकटवता?" तो एकदा कागदांकडे बघतो, एकदा दोघींकडे. भाव दहा रुपयांनी वाढतो.

गठ्ठ्याच्या तळाशी कुणाच्या तरी लग्नाचे कृष्णधवल फोटो आहेत. दंतुर कडा, मुंडावळ्या, मागे बाकावर चढून डोकावणारं एक पोर. चाळणारे हात थांबतात. एकजण फोटो जागच्या जागी ठेवून देते. दुसरी त्यातला एक विकत घेते. "याला कात्री लावायची नाही," ती स्वतःलाच बजावते, "कॉपी काढायची."

तिथून बोहरी आळी. टेम्पो मागे येतोय, हातगाडीवाला ओरडतोय, मध्ये एक स्कूटर अडकलीय. दुकानांच्या दारात सुतळीची बंडलं आणि जरीच्या लेसांची रिळं लटकताहेत. लेस मीटरवर मिळते. पण रिळाच्या शेवटी उरलेले वीतभर तुकडे मागितले, तर दुकानदार मूठभर असेच देतो. फेव्हिकॉलचा डबा, बटर पेपर, दोन इंची ब्रश पिशवीत पडतात. रंगाखाली द्यायचा जेसो मागितल्यावर मात्र तो हात हलवतो. "ते आप्पा बळवंतला बघा."

आप्पा बळवंत चौकात वहीची चौकशी केली, की उलटा प्रश्न येतो, "किती जीएसएम?" शाळेच्या वहीचा कागद साधारण 60-70 जीएसएमचा. जलरंगाचा जाड कागद 300चा. रंग, त्यावर गोंद, परत रंग, एवढं पाणी पातळ कागदाला सोसत नाही. तो फुगतो, मग सोलवटतो. 300ची किंमत ऐकून काहीजण रद्दीतलं पक्क्या बांधणीचं पुस्तक शोधतात. त्याची दोन-दोन पानं एकमेकांना चिकटवून जाड करायची. मधली बरीचशी फाडून काढायची, नाहीतर काम भरल्यावर पुस्तक मिटत नाही.

झेरॉक्सच्या दुकानासमोर रांग. परीक्षांचे अर्ज, दाखले, आधार कार्डं. आत एकच पंखा आहे आणि तो मशीनकडे वळवलेला. लग्नाचा फोटो आणि आजीचं पत्र घेऊन आलेल्या बाईंचा नंबर अर्ध्या तासाने लागतो. त्यांना लेसरचीच प्रत हवी असते. लेसरची भुकटी कागदावर वितळून बसते, ओल्या गोंदात पसरत नाही. इंकजेटची शाई वाहते. "आणि पत्राची उलटी काढा," त्या सांगतात. काउंटरवरचा मुलगा दोनदा खात्री करून घेतो. "उलटी? अक्षरं उलटी?"

दुपारचे तीन. सदाशिव पेठेत दुसरा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर प्लास्टिक अंथरलेलं. वहीत कागद चिकटवणारे दहा-बाराजण गोलात बसलेत. कॉलेजची मुलगी, बँकेतून निवृत्त झालेले काका, रात्रपाळी करून आलेला एक तरुण. मधोमध बुटांची दोन रिकामी खोकी. एकावर स्केचपेनने लिहिलंय, 'कात्री चालेल'. दुसऱ्यावर, 'कात्री नको'. आणलेला प्रत्येक कागद आधी या दोहोंपैकी एका खोक्यात जातो. कॅलेंडरची पानं, मिठाईच्या खोक्याचा कागद, हळदीकुंकवाची बोटं लागलेली लग्नपत्रिका पहिल्यात. फोटो, पत्र आणि मोडीतली पानं दुसऱ्यात.

पानाची सुरुवात पांढऱ्या जेसोने होते. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाने तो ओढला जातो. खर्र, खर्र. वर पातळ रंग, त्यावर रंग लावलेल्या बबल रॅपचे ठसे. मग थांबायचं. ड्रायर एकच आहे, त्यामुळे इथेही रांग. कुणीतरी गवतीचहा टाकलेला चहा आणतं. एक ब्रश त्यात बुडता बुडता वाचतो.

कॉलेजची मुलगी एसटीचं तिकीट चिकटवते आणि ड्रायर फिरवते. बघता बघता तिकीट काळं पडतं. स्वारगेट गेलं, तारीख गेली. मशीनचं तिकीट उष्णतेनेच छापलेलं असतं, गरम हवेने ते सगळंच काळवंडतं. सगळे हसतात. मुलगी क्षणभर गप्प, मग काळ्या चौकोनावर पांढऱ्या पेनने प्रवासाची तारीख लिहिते.

काका घरून डबा घेऊन आलेत. त्यात मैद्याची खळ आहे, चिमूटभर मोरचूद घातलेली. "कसर लागत नाही," ते सांगतात, आणि जवळ सरकलेल्या लहान नातीला हात लावू देत नाहीत. मोरचूद विषारी. खळ लावल्यावर ते कागद लगेच टेकवत नाहीत. ओला कागद ताणला जातो, त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. मग मधून कडेकडे तळवा फिरवायचा. त्यांच्या पानावर एकही सुरकुती नाही.

शेजारी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी बसल्यात. कात्री धरलेला हात किंचित कापतोय. "1772 मध्ये इंग्लंडात एका बाईने बहात्तराव्या वर्षी कागदाची फुलं कापायला घेतली," त्या सांगतात. "दहा वर्षांत जवळजवळ हजार केली. लंडनच्या संग्रहालयात आहेत." तरुण म्हणतो, 1912 मध्ये पॅरिसला एका चित्रकाराने वेताची वीण छापलेलं ऑइलक्लॉथ चित्रावर चिकटवलं आणि चौकटीला दोरखंड गुंडाळला. आजी मान हलवतात. "बरोबर एकशेचाळीस वर्षांनी."

पलीकडे झेरॉक्सवाल्या बाई पत्राची प्रत पानावर पालथी घालून बसल्यात. खाली लावलेलं चिकट जेल वाळलंय. आता त्या पाठीवर पाणी शिंपडून बोटाने घासतात. कागदाच्या वळ्या निघतात. अजून पाणी, अजून वळ्या. हळूहळू एक ओळ सुलटी वर येते, मग दुसरी. मूळ पत्र खोक्यात आहे, घडीसकट.

सहा वाजता आवराआवर. प्रत्येक दोन पानांत बटर पेपर जातो. ॲक्रिलिकचा रंग वाळला तरी वही दाबून मिटल्यावर पानं एकमेकांना धरतात. वर्तमानपत्राचे तुकडे पुढे पिवळे पडणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कागदातलं लिग्निन उजेडाने रंग बदलतं. काहींना तो पिवळेपणाच हवा असतो.

वहीत कागद चिकटवण्याचा हा छंद सुरू करायला महागडी वही लागत नाही. जुनं पुस्तक, गोंद, कात्री आणि दोन खोकी पुरतात. पहिलं खोकं घरच्या रद्दीतून एका दिवसात भरेल. दुसऱ्यासाठी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कागदावर नाव, तारीख किंवा कुणाचं हस्ताक्षर असेल, तर कात्री लावू नका. प्रत काढा, आणि कापायची ती प्रत कापा.