परसातील बरणी आणि रात्रीची गोळी

मृगाच्या सरी पडून गेल्या की परसातील जांभळाखाली निळाजांभळा सडा पडू लागतो. खाऊन होतात त्याहून कितीतरी अधिक जांभळे पायाखाली जातात. ज्यांनी आयुष्यभर दाणा दाणा वेचून संसार केला, त्या घरातील वडीलधाऱ्यांना ही नासाडी पाहवत नाही. मग माळ्यावरची चिनी मातीची बरणी खाली उतरते. तिच्यात जांभळे जातात, गूळ जातो, तोंडाला दादरा बांधला जातो आणि ती न्हाणीघराच्या कोपऱ्यात किंवा फडताळात जाऊन बसते. कोणी शिरका करतो. कोणी मनुका आणि धायटीची फुले आणून द्राक्षासवाचा घाट घालतो. वसईकडील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी मुरवलेली वाइन ज्याने कधी चाखलेली असते, तो तिचाच प्रयोग आपल्या परसात करून पाहतो.

आमच्या किन्हीराजात आणि मालेगाव तालुक्यातील आसपासच्या खेड्यांत अशा बरण्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. या छंदाविषयी माझ्या मनात तिटकारा नाही. निवृत्तीनंतर ज्याला दिवस मोठा वाटू लागतो, त्याला रोज सकाळी उठून पाहण्यासारखे काहीतरी असणे हे औषधच आहे. परंतु बरणीत नेमके काय चालले आहे, हे ती भरणाऱ्याला आणि त्याची काळजी वाहणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.

शिरका, आसव आणि वाइन यांची नावे निराळी असली तरी आरंभ एकच आहे. फळांच्या सालीवर आणि फुलांवर यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव असतात. ते साखर खातात आणि तिच्यापासून अल्कोहोल व कर्बद्विप्राणिद वायू तयार करतात. आंबणे हे सजीवांचे कार्य आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या प्रयोगांनी दाखवून दिले. पुढे बरणीत हवा खेळत राहिली, तर दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात आणि शिरका होतो. म्हणजे आज जो शिरका आहे, तो काही आठवड्यांपूर्वी कच्ची वाइनच होता. शार्ङ्गधर संहितेसारख्या ग्रंथांत सांगितलेली आसवे आणि अरिष्टेही याच मार्गाने सिद्ध होतात. बाजारात मिळणाऱ्या द्राक्षासवाच्या वेष्टनावर स्वयंजनित अल्कोहोलचा उल्लेख असतो, तो पुष्कळांनी कधी वाचलेलाच नसतो.

आधी वायूविषयी सांगतो, कारण त्याचा अपघात डोळ्यांदेखत होतो. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली, तर तिच्यातून जवळजवळ एक लिटर वायू सुटतो. बरणीत न आंबलेली १०० ग्रॅम साखर शिल्लक असताना ते द्रव्य काचेच्या बाटल्यांत भरून घट्ट बुचे बसवली, तर पंचवीस लिटरांहून अधिक वायू त्या बाटल्यांत कोंडला जाणार आहे. आपल्याकडील उष्म्यात तर हे काम फारच झपाट्याने होते. रात्री फडताळात झालेला मोठा आवाज, भिंतीवर उडालेला जांभळा रंग आणि जमिनीवर पसरलेली काच, हे वर्णन अनेक घरांच्या ओळखीचे असेल. गंमत म्हणून ते सांगितले जाते. परंतु बूच उघडताना बाटली तोंडासमोर धरलेली असली, तर त्यात गमतीचे काही उरत नाही. काचेचा कण डोळ्यात रुतला तर डोळा चोळू नये, कण काढू नये, डोळ्यात कोणतेही थेंब किंवा तूप-मध घालू नये. डोळ्यावर भार न येईल अशा बेताने कागदी पेला उपडा ठेवून तो चिकटपट्टीने बसवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आंबणे चालू असेपर्यंत बरणीला दादराच बरा, बूच नको. आपल्या आज्या हेच करीत होत्या.

भांड्याचेही तसेच. आंबट वस्तू कल्हई नसलेल्या पितळेत ठेवली की ती कळकते, हे जुन्या स्त्रियांना शिकवावे लागत नव्हते. आता कल्हईवाला दारावर येत नाही आणि शोभेचे म्हणून घासूनपुसून ठेवलेले पितळी पातेले हाताशी असते. आम्लाने तांबे उतरते आणि घोटभर चव पाहिल्यावर मळमळ, वांत्या, पोटात पीळ सुरू होतो. काच, चिनी माती किंवा चांगले स्टील वापरावे. याहून वाईट गोष्ट म्हणजे शेतातील रिकामी औषधाची बाटली. कापूस-सोयाबीनच्या आपल्या मुलखात कीटकनाशकांचे डबे आणि बाटल्या घरोघर असतात. कितीही वेळा धुतली तरी ती बाटली खाण्यापिण्याच्या वस्तूसाठी कधीही निर्धोक होत नाही. ती परसात दिसली, तर छंदाशी तिचा संबंध येण्यापूर्वीच ती निकामी करून टाकावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. दवाखान्यात मी ज्येष्ठ रुग्णास विचारतो, “दारू घेता का?” रुग्ण ताठ मानेने सांगतो, “छे! आमच्या सात पिढ्यांत नाही.” तो खोटे बोलत नसतो. रोज रात्री जेवणापूर्वी घेतलेला अर्धा पेला घरचा आसव ही त्याच्या लेखी दारू नसतेच, ते पाचक असते. वैद्यांनी सांगितलेली मात्रा चमच्याने मोजायची असते. घरची बरणी भरलेली असली की चमच्याची वाटी होते आणि वाटीचा पेला. १० टक्के अल्कोहोल असलेल्या आसवाच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत एक मद्यपेय म्हणजे १० ग्रॅम. शिवाय वयाबरोबर शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच अल्कोहोलची रक्तातील पातळी तरुणापेक्षा वृद्धात अधिक चढते.

याच शरीरात मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल, तर प्रसंग कसा येतो ते लक्षपूर्वक वाचा. सायंकाळी गोळी घेतलेली आहे. आसवाने पोट भरल्यासारखे वाटून जेवण अर्धेच झाले. एरवी रात्रभर यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडून शरीराला सांभाळते, परंतु अल्कोहोल त्याचे नवी साखर घडवण्याचे काम रोखतो. मध्यरात्रीनंतर रक्तातील साखर खाली घसरते. आबांना घाम फुटतो, बोलणे अडखळते, ते असंबद्ध बोलतात, उठताना तोल जातो. सूनबाई धावत येतात. तोंडाला आंबूस वास येतो. घरातील कोणीतरी म्हणते, “जास्त झालेली दिसते, झोपू द्या, सकाळी उतरेल.” या एका वाक्याने माणूस हातचा जाऊ शकतो. झिंग आणि साखर उतरणे यांची लक्षणे इतकी सारखी असतात की नुसत्या पाहण्याने डॉक्टरलाही खात्री देता येत नाही.

म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस असा दिसला, तर वास येवो वा न येवो, प्रथम बोटाची तपासणी करा. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच घरात नसेल, आणि रुग्ण शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा. साखर दिल्यावर तरतरी आली, तरी या गोळ्यांचा परिणाम पुष्कळ तास टिकतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. त्यामुळे त्या रात्री रुग्णालय टाळू नये.

झोपेच्या गोळीचे दुखणे निराळे. अल्प्राझोलमसारखी गोळी आणि अल्कोहोल हे दोघेही मेंदूला गुंगी आणतात, श्वास मंदावतात. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याला रात्री लघवीला उठताना अंधारी येते, त्यात या पेल्याची भर पडते. खुब्याचे हाड मोडण्याची सुरुवात कित्येकदा अशा एका साध्या उठण्यातून होते. पोटाच्या जंतुसंसर्गासाठी मेट्रोनिडाझोल दिले असता, औषध संपल्यावरही काही दिवस आसव बंद ठेवावा, असे आम्ही सांगतो. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही हे पेले टाळलेलेच बरे. आसवात गूळ-साखर उरलेली असते, ती वेगळीच.

एक बाब बोलायला संकोच वाटतो, म्हणूनच स्पष्ट लिहितो. घरातील एखाद्या मुलाला दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम ही गोळी चालू असेल, तर आजोबांचा आसव त्याच्या हाती पडता कामा नये. खोकल्याच्या औषधातील थोडा अल्कोहोलही अशा माणसाला बाधू शकतो. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, वांत्या होतात, रक्तदाब कोसळतो. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. सर्दी झाली म्हणून आजीने मायेने दिलेले दोन चमचेसुद्धा अशा वेळी महागात पडतात.

परवान्याविना घरी वाइन करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो. मिथेनॉलची भीती मात्र अनेकांनी चुकीच्या ठिकाणी बाळगलेली असते. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. दादरा बांधलेल्या जांभळाच्या बरणीत मिथेनॉल अत्यल्प असतो. तेच द्रव्य घरी भट्टी लावून काढायला जाणे हे मात्र सर्वथा वर्ज्य.

मग सूनबाईंनी बरणी ओतून द्यावी काय? मला ते पटत नाही. ओतून दिलेली बरणी दुसऱ्या महिन्यात गोठ्यात सापडते, आणि मग पेला कोणाला न दिसता भरला जातो. त्यापेक्षा बरणीला शिरक्यापर्यंत जाऊ द्यावे. दादरा पातळ ठेवावा, हवा खेळू द्यावी, रोज ढवळण्याचे काम आबांकडेच असू द्यावे. हिरवी, काळी किंवा लोकरीसारखी बुरशी धरली, तर वरची साय काढून खालचे ठेवण्याचा मोह न करता सगळेच टाकावे. शिरका पूर्ण आंबट झाला, तरी तो कोशिंबिरीत चमचाभर, नुसता पिण्यासाठी नव्हे. त्याने मधुमेह बरा होतो असे सांगणारे पुष्कळ भेटतील. गोळी बंद करण्याचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये.

बरणीवर पांढरी चिकटपट्टी लावून तीत काय घातले आणि कोणत्या तारखेला घातले ते ठळक अक्षरांत लिहावे. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या पाकिटांबरोबर आसवाची बाटली आणि ज्या भांड्याने तो घेतला जातो ते भांडेही पिशवीत टाकावे. चमचा आहे की पेला, हे मग डॉक्टरांना विचारावे लागणार नाही.